दोषी की निर्दोष, आणि का? महाभियोगातल्या मतांमागची कायदेशीर कारणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१३ फेब्रुवारी २०२१ रोजी अमेरिकी सिनेटमधले रिपब्लिकनांचे नेते मिच मॅकॉनेल यांनी महाभियोगाच्या खटल्यात डोनाल्ड ट्रम्प यांना ‘निर्दोष’ ठरवणारे मत दिले. त्यानंतर काही मिनिटांतच ते सिनेटमध्ये उभे राहिले आणि संसदभवनावरच्या ६ जानेवारीच्या हल्ल्याची जबाबदारी ट्रम्प यांचीच आहे, असे त्यांनी सांगितले. ‘हे कसलं मत?’ हा प्रश्न तेव्हापासून आमच्याकडे येतो आहे, आणि मागोमाग त्याचे भाऊबंदही. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. भर अमेरिकेच्या सिनेटवर आहे, कारण मतामागची कारणे सांगण्याची दीडशे वर्षांहून जुनी परंपरा तिथे कागदोपत्री सापडते. भारताबद्दल विचारणाऱ्यांनी थेट प्रश्न १३ वाचावा.

१. महाभियोग झाला म्हणजे माणूस पदावरून गेला ना?

नाही. प्रतिनिधिगृह (अमेरिकी संसदेचे खालचे सभागृह) साध्या बहुमताने आरोप ठेवते, त्याला महाभियोग म्हणतात. खटला नंतर सिनेटमध्ये चालतो आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन-तृतीयांश मते लागतात. अँड्र्यू जॉन्सन, बिल क्लिंटन आणि ट्रम्प (दोनदा) यांच्यावर महाभियोग झाला, पण चारही वेळा सिनेटमध्ये तेवढी मते जमली नाहीत. रिचर्ड निक्सन या यादीत नाहीत. प्रतिनिधिगृहाचे मतदान होण्याआधीच, ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. सिनेटने आजवर दोषी ठरवलेले आठही जण संघीय न्यायाधीश होते.

२. सिनेटर नेमकं कशावर मत देतो? आरोप खरा की खोटा, एवढंच ना?

एवढेच असते तर हे पान लिहावे लागले नसते. तोंडाने एकच शब्द उच्चारायचा असतो, दोषी किंवा निर्दोष. पण त्या शब्दापर्यंत पोहोचण्याआधी चार उंबरे ओलांडावे लागतात. हा खटला चालवण्याचा सिनेटला अधिकार आहे का? आरोपात म्हटलेले खरेच घडले का? घडले असेल तर ते राज्यघटनेतल्या ‘गंभीर गुन्हे आणि गैरवर्तने’ या शब्दांत बसते का? आणि बसत असले तरी या माणसाला आत्ता पदावरून काढावे का?

‘दोषी’ म्हणणाऱ्याला चारही उंबरे ओलांडावे लागतात. ‘निर्दोष’ म्हणणारा कुठल्याही एका उंबऱ्यावर थांबू शकतो, आणि मतपत्रकावर तो कुठे थांबला ते दिसत नाही. म्हणून पन्नास ‘निर्दोष’ मतांमागे चार वेगवेगळी, कधी एकमेकांना छेद देणारी कारणे असू शकतात. मॅकॉनेल पहिल्याच उंबऱ्यावर थांबले होते (प्रश्न ९).

चौथा उंबरा खरे तर घटनेत नाही. दोषी ठरलेल्या राष्ट्राध्यक्षाला पदावरून दूर केले जाईल, असे घटना सरळ म्हणते, मधल्या शिक्षेची सोयच नाही. पण नेमके त्यामुळेच, ‘चूक केली, पण काढू नका’ असे वाटणाऱ्या सिनेटरपुढे ‘निर्दोष’ हा एकच शब्द उरतो (प्रश्न १०).

३. मताचं कारण देणं बंधनकारक आहे का? ती कारणं वाचायला कुठे मिळतात?

बंधनकारक नाही. न्यायालयासारखे निकालपत्र सिनेट लिहीत नाही, त्यामुळे ‘सिनेटने असे ठरवले की…’ या वाक्याचा उत्तरार्ध कुणी अधिकृतपणे भरून देत नाही. १८६८ मध्ये जॉन्सन यांच्या खटल्यात बऱ्याच सिनेटरांनी लेखी मते दाखल केली आणि ती खटल्याच्या कामकाजाबरोबर छापली गेली. १९९९ मध्ये क्लिंटन यांच्या खटल्यात अंतिम चर्चा बंद दाराआड झाली, मात्र आपले निवेदन काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) अधिकृत नोंदीत घालण्याची मुभा सदस्यांना होती. अलीकडे भाषण, पत्रक आणि मुलाखत या तिन्हींत कारण विखुरलेले असते, आणि तिन्ही ठिकाणी ते एकच असेल याची खात्री नसते. आमचा अनुभव असा की मतदानापूर्वी दिलेले कारण नंतरच्या कारणापेक्षा जास्त विश्वासार्ह ठरते.

४. सिनेटर म्हणजे ज्युरीच ना? मग निकालाआधीच मत जाहीर कसं करतात?

क्लिंटन यांच्या खटल्यात १५ जानेवारी १९९९ रोजी टॉम हार्किन यांनी सिनेटरांना ‘ज्युरी’ म्हणण्याला हरकत घेतली. अध्यक्षस्थानी असलेले सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांनी ती मान्य केली. सिनेट नुसती ज्युरी नाही, या प्रकरणी ती न्यायालय आहे, असा त्यांचा निर्णय होता. ज्युरी फक्त वस्तुस्थिती ठरवते. सिनेटर वस्तुस्थिती, कायदा आणि कार्यपद्धती तिन्ही ठरवतो.

निःपक्षपातीपणाची वेगळी शपथ मात्र घ्यावी लागते. हितसंबंध असलेल्याने बाजूला व्हावे असा नियम नाही. १८६८ मध्ये जॉन्सन गेले असते तर सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड राष्ट्राध्यक्ष झाले असते. त्यांनी मत दिले, दोषी. जॉन्सन यांचे जावई डेव्हिड पॅटरसन टेनेसीचे सिनेटर होते. त्यांनीही मत दिले, निर्दोष. फिट्टंफाट.

५. पदावरून काढायला प्रत्यक्ष गुन्हा घडावा लागतो का?

सिनेटरांच्या निवेदनांत सर्वांत जास्त शाई याच प्रश्नावर खर्च झाली आहे. घटनेचे शब्द आहेत: देशद्रोह, लाचखोरी किंवा इतर ‘हाय क्राइम्स अँड मिसडिमिनर्स’.

हे शब्द कसे आले, यात आपल्याशी संबंधित एक धागा आहे. फिलाडेल्फियाच्या घटनासभेत ८ सप्टेंबर १७८७ रोजी जॉर्ज मेसन यांनी मुद्दा मांडला की फक्त देशद्रोह आणि लाचखोरी ठेवली तर बरेच मोठे अपराध निसटतील. त्यांचे उदाहरण: वॉरन हेस्टिंग्जवरचा आरोप देशद्रोहाचा नाही. सालबाईचा तह झाला तेव्हा बंगालचा गव्हर्नर जनरल असलेला हाच तो हेस्टिंग्ज. लंडनमध्ये त्याच्यावर तेव्हा महाभियोग चालू होता, आणि १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला. मेसन यांना ‘गैरकारभार’ हा शब्द हवा होता. जेम्स मॅडिसन म्हणाले, इतका सैल शब्द ठेवला तर राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर राहील. मग मेसन यांनी इंग्लंडच्या परंपरेतला तो जुना शब्दप्रयोग घातला. म्हणजे शब्द देशद्रोहापेक्षा रुंद हवा आणि गैरकारभारापेक्षा अरुंद हवा, एवढे नक्की. त्या दोन काठांमध्ये नेमके कुठे थांबायचे, यावर आजतागायत भांडण आहे.

गुन्हा हवाच, असे म्हणणारे १८६८ मध्ये जॉन्सन यांच्या वतीने बेंजामिन कर्टिस यांनी केलेल्या युक्तिवादाचा आधार घेतात. २०२० मध्ये ट्रम्प यांचे वकील ॲलन डर्शोविट्झ यांनी कर्टिस यांचेच बोट धरले होते. १९९८ मध्ये मात्र तेच दूरचित्रवाणीवर गुन्हा लागतच नाही असे सांगत होते. गुन्हा नको म्हणणाऱ्यांकडे १८०४ चा दाखला आहे. न्यू हॅम्पशायरचे न्यायाधीश जॉन पिकरिंग दारूच्या आहारी गेलेले होते आणि त्यांचे मानसिक संतुलन ढळले होते. गुन्हा असा काही नव्हता, तरी सिनेटने त्यांना काढले. त्यातही गंमत अशी की प्रश्न ‘आरोपाप्रमाणे दोषी आहेत का?’ एवढाच ठेवला गेला. ते ‘गंभीर गुन्हे’ ठरतात का, हे विचारलेच नाही. कायद्याचा अवघड प्रश्न टाळायचा तर मतदानाच्या प्रश्नातूनच तो वगळायचा, ही युक्ती तेव्हापासूनची.

६. पुरावा किती लागतो? फौजदारी खटल्याइतका?

ज्याचे त्याने ठरवायचे. १९८६ मध्ये न्यायाधीश हॅरी क्लेबॉर्न यांच्या खटल्यात ‘वाजवी शंकेपलीकडे’ ही फौजदारी कसोटी सर्वांना लागू करावी असा प्रस्ताव आला. सिनेटने तो १७ विरुद्ध ७५ मतांनी फेटाळला. दुसरी कुठली कसोटीही बांधून दिली नाही. त्यामुळे ‘पुरावा अपुरा होता’ असे एखादा सिनेटर म्हणतो तेव्हा कोणत्या मापाने, हे विचारावेच लागते.

दोन उदाहरणे पाहा. फ्लोरिडाचे न्यायाधीश ॲल्सी हेस्टिंग्ज (वॉरनशी फक्त आडनावाचे नाते) लाचखोरीच्या फौजदारी खटल्यात ज्युरीसमोर सुटले होते. सिनेटने १९८९ मध्ये त्यांना तरीही काढले. पुन्हा पद धरण्यास बंदी मात्र घातली नाही, आणि १९९२ मध्ये ते प्रतिनिधिगृहावर निवडून आले! उलट टोकाला १९९९ मधले आर्लन स्पेक्टर. त्यांनी स्कॉटलंडच्या कायद्यातला ‘सिद्ध झाले नाही’ हा तिसरा पर्याय उच्चारला. सिनेटच्या नियमात असा पर्याय नाही, त्यामुळे मत ‘निर्दोष’ म्हणूनच मोजले गेले. त्यांची टिंगल पुष्कळ झाली. आम्हाला ते उत्तर प्रामाणिक वाटते. साक्षीदार नीट तपासू दिले नाहीत, म्हणून कशाचीच खात्री देता येत नाही, हे त्यांचे म्हणणे होते.

७. १८६८ मध्ये सात रिपब्लिकनांनी जॉन्सनला वाचवलं. त्यांची कायदेशीर कारणं काय होती?

अब्राहम लिंकन यांच्या हत्येनंतर जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि युद्धोत्तर दक्षिणेत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांवरून त्यांचे काँग्रेसशी फाटले. १८६७ मध्ये काँग्रेसने पदावधी कायदा केला: सिनेटच्या संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्याला सिनेटच्या संमतीशिवाय काढता येणार नाही. जॉन्सन यांनी युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना काढले. अकरा आरोपकलमे आली. १६ मे १८६८ रोजी अकराव्या कलमावर ३५ विरुद्ध १९ मते पडली. हवी होती ३६. दहा दिवसांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमावर तंतोतंत तेवढीच मते पडली आणि खटला गुंडाळला गेला. फेसेंडेन, ट्रम्बुल, ग्राइम्स, हेंडरसन, फाउलर, व्हॅन विंकल आणि रॉस हे ते सात रिपब्लिकन.

त्यांच्यापैकी पहिल्या तिघांच्या युक्तिवादाचे मर्म एका पोटवाक्यात होते. कायद्यानुसार मंत्र्याला संरक्षण मिळणार होते ते ‘ज्या राष्ट्राध्यक्षाने नेमले त्याच्या कार्यकाळात आणि पुढे एक महिना’. स्टँटन यांना लिंकन यांनी १८६२ मध्ये नेमले होते. लिंकन गेले, महिनाही उलटला. मग जॉन्सन यांनी त्यांना काढले तर कायदा मोडला कसा? लिंकन यांचाच दुसरा कार्यकाळ जॉन्सन पुरा करत होते, असा प्रतिवाद होता. पण कायदा मंजूर होताना जॉन शर्मन यांनी सिनेटमध्येच सांगितले होते की हे संरक्षण स्टँटन यांना मिळणार नाही. शर्मन यांची स्थिती बघण्यासारखी झाली. स्टँटन यांना काढण्याबद्दलच्या पहिल्या कलमावर ते ‘दोषी’ म्हणू शकत नव्हते. स्टँटन यांच्या जागी लोरेन्झो थॉमस यांची हंगामी नेमणूक सिनेटला न विचारता केली, या कलमांवर मात्र त्यांनी ‘दोषी’ म्हटले. पहिल्या कलमावर शेवटपर्यंत मतदानच झाले नाही, यामागे हेच कारण होते.

दुसरा युक्तिवाद हेतूचा. कायदा घटनाबाह्य आहे असे प्रामाणिकपणे मानून, न्यायालयात त्याची परीक्षा व्हावी म्हणून राष्ट्राध्यक्ष वागला, तर तो गुन्हेगार ठरतो का? तिसरा परिणामांचा, आणि तो ट्रम्बुल यांनी सर्वांत ठसठशीत मांडला: आज तापलेल्या वातावरणात अपुऱ्या कारणावरून एकाला काढले, तर पुढे काँग्रेसशी न पटणारा कुणीही राष्ट्राध्यक्ष सुरक्षित राहणार नाही. ट्रम्बुल हे जॉन्सनप्रेमी होते असे कुणी समजू नये. १८६६ चा नागरी हक्क कायदा त्यांनीच लिहिला होता आणि जॉन्सन यांनी तो नाकारला होता.

समोरून चार्ल्स समनर यांनी हा सगळा काथ्याकूट उडवून लावला. ही राजकीय स्वरूपाची कारवाई आहे, गुलामगिरीविरुद्धच्या शेवटच्या मोठ्या लढायांपैकी ही एक आहे, असे त्यांचे लेखी मत सांगते. कायद्याच्या शब्दावर सातजण बरोबर होते असे आम्हाला वाटते, आणि १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मायर्स प्रकरणात तो कायदाच अवैध होता असे म्हटले. पण भांडण स्टँटन यांच्या खुर्चीचे नव्हतेच. खरा आरोप ठेवायला घाबरलेल्या प्रतिनिधिगृहाने तांत्रिक आरोप ठेवला, आणि तांत्रिक आरोपाला तांत्रिक उत्तर मिळाले. त्याची किंमत दक्षिणेतल्या मुक्त गुलामांनी मोजली.

८. त्यातल्या रॉसने लाच घेतली होती, आणि सातही जणांचं राजकारण संपलं, हे खरं का?

दोन्ही गोष्टी अर्धवट खऱ्या. लाचेचा संशय तेव्हाही होता, चौकशीही झाली, सिद्ध काही झाले नाही. मात्र मतदानानंतर एडमंड रॉस यांनी आपल्या माणसांच्या नेमणुकांसाठी जॉन्सन यांच्याकडे शब्द टाकले, याची नोंद आहे. हुतात्म्याच्या कथेत हा भाग सहसा गाळला जातो. सातांपैकी कुणीही पुन्हा सिनेटवर निवडून आला नाही हे खरे, पण फेसेंडेन १८६९ मध्ये वारले, आणि ग्राइम्स यांना खटल्यादरम्यानच पक्षाघाताचा झटका आला होता, त्यांना मतदानासाठी उचलून आणले होते. रॉस पुढे न्यू मेक्सिको प्रदेशाचे गव्हर्नर झाले.

९. माणूस पदावर नसेल तर खटला चालतो का? मॅकॉनेल यांचं कारण कितपत खरं होतं?

जुना दाखला बेल्कनॅप यांचा. १८७६ मध्ये युद्धमंत्री विल्यम बेल्कनॅप यांनी लष्करी ठाण्यावरच्या दुकानाच्या मक्त्यातून पैसे घेतल्याचे बाहेर आले. प्रतिनिधिगृहाचे मतदान व्हायच्या काही तास आधी त्यांनी राजीनामा दिला. सिनेटने ३७ विरुद्ध २९ मतांनी ठरवले की तरीही खटला चालेल. पण अंतिम मतदानात दोन-तृतीयांश जमले नाहीत. ‘निर्दोष’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी कारण दिले ते हेच: आम्हाला अधिकारच नाही. म्हणजे बहुमताने ठरलेला कायदेशीर मुद्दा अल्पमताने अंतिम मतदानात मागच्या दाराने परत आणला.

२०२१ मध्ये त्याचीच पुनरावृत्ती झाली. ९ फेब्रुवारीला सिनेटने ५६ विरुद्ध ४४ मतांनी अधिकार आहे असे ठरवले. १३ तारखेला ५७ जणांनी ‘दोषी’ म्हटले, त्यांत सात रिपब्लिकन होते. ६७ लागत होते. मॅकॉनेल यांचा तर्क असा: महाभियोगाचे कलम ‘राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष व नागरी अधिकारी’ यांना पदावरून दूर करण्याबद्दल बोलते, माजी माणूस त्यात बसत नाही, आणि त्याच्यासाठी फौजदारी न्यायालये आहेत. विरोधातला मुद्दा: घटना पदच्युतीबरोबर पुन्हा पद धरण्यास बंदीही सांगते, आणि शेवटच्या दिवशी राजीनामा देऊन ती चुकवता आली तर तिला अर्थ राहत नाही. शिवाय ट्रम्प पदावर असतानाच, १३ जानेवारीला, महाभियोग झाला होता. २० जानेवारीपूर्वी सिनेट न बोलावण्याचा निर्णय बहुमताचे नेते या नात्याने स्वतः मॅकॉनेल यांचाच होता. कायदेशीर कारण खोटे नव्हते, पण ज्या उशिरावर ते उभे होते तो त्यांच्याच हातचा होता. ताकाला जाऊन भांडे लपवणे ते हेच.

याउलट नॉर्थ कॅरोलिनाचे रिचर्ड बर. त्यांनीही सुरुवातीला खटला घटनाबाह्य म्हणून विरोधी मत दिले. पण सिनेटने बहुमताने अधिकार मान्य केल्यावर तो प्रश्न संपला असे मानून, उरलेला निर्णय त्यांनी वस्तुस्थितीवर घेतला: दोषी. न्यायाधीश असेच वागतो. प्राथमिक मुद्द्यावर अल्पमतात गेला म्हणून शेवटच्या निकालात तो मुद्दा पुन्हा उकरत नाही. सिनेटर न्यायाधीश आहे की नाही (प्रश्न ४), याची या दोघांनी दोन वेगळी उत्तरे दिली.

फौजदारी न्यायालयाच्या मुद्द्याला पुढे वेगळेच वळण लागले. महाभियोगात दोषी ठरल्याशिवाय माजी राष्ट्राध्यक्षावर खटलाच भरता येत नाही, हा ट्रम्प यांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये नाकारला, पण त्याच निकालात अधिकृत कृत्यांसाठी मोठे संरक्षणही दिले. २०२० च्या निवडणुकीचा निकाल उलटवण्याच्या प्रयत्नांबद्दलचा तो फौजदारी खटला नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर मागे घेण्यात आला.

१०. ‘केलं ते चूक, पण निर्दोष’, हा दुटप्पीपणा नाही का?

नेहमीच नाही. प्रश्न २ मधला तिसरा आणि चौथा उंबरा आठवा. २०२० मध्ये, ट्रम्प यांच्या पहिल्या खटल्यात (राजकीय प्रतिस्पर्ध्याच्या चौकशीसाठी युक्रेनवर दबाव आणल्याचा तो आरोप), टेनेसीचे रिपब्लिकन लामार अलेक्झांडर म्हणाले, युक्रेनबाबतचे वर्तन अनुचित होते आणि ते सिद्धही झाले आहे, पण पदावरून काढण्याइतके नाही. निर्णय मतदारांनी घ्यावा. हा तिसरा उंबरा. सिद्ध झालेच आहे तर आणखी साक्षीदार कशाला, असे म्हणून त्यांनी साक्षीदार बोलावण्याच्या प्रस्तावालाही विरोध केला. तो प्रस्ताव ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडला.

चौथ्या उंबऱ्यावर दोन पक्षांचे दोघे शेजारी शेजारी बसलेले आढळतात. १९९९ मध्ये डेमोक्रॅट रॉबर्ट बर्ड यांनी क्लिंटन यांचे वर्तन महाभियोगाला पात्र मानले, तरी काढणे देशाच्या हिताचे नाही म्हणून ‘निर्दोष’ म्हटले. २०२० मध्ये रिपब्लिकन मार्को रुबिओ यांनी तोच तर्क ट्रम्प यांच्यासाठी वापरला. हे कारण मोकळेपणाने राजकीय आहे, आणि म्हणूनच काही वेळा कायदेशीर वेष चढवलेल्या कारणांपेक्षा बरे वाटते.

११. पक्ष बदलला की कायद्याचा अर्थही बदलतो का?

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हे वॉशिंग्टनमध्येही चालते. लिंडसे ग्रॅहम १९९९ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या बाजूचे वकील होते. गुन्हा सिद्ध व्हायचीही गरज नाही, असे त्यांनी सिनेटला ऐकवले होते. २०२० मध्ये सिनेटर म्हणून ते दुसऱ्या बाजूला होते. जेरी नॅडलर यांनी १९९८ मध्ये एकाच पक्षाच्या जोरावर महाभियोग करू नये असे बजावले; २०१९ मध्ये आरोपकलमे त्यांच्याच समितीतून निघाली. परिस्थिती वेगळ्या होत्या, हे दोघांचेही उत्तर. ते काही अंशी खरेही आहे. खासगी खटल्यातली खोटी साक्ष (क्लिंटन) आणि पदाच्या अधिकाराचा गैरवापर (ट्रम्प), या दोन गोष्टी एका तागडीत बसत नाहीत.

१२. पक्षाचा व्हिप मोडला तर सिनेटरचं पद जातं का?

नाही. पक्षांतरबंदीसारखा कायदा तिथे नाही. २०२० मध्ये मिट रॉम्नी यांनी स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला पहिल्या कलमावर दोषी ठरवले. आपण देवासमोर शपथ घेतली आहे हे त्यांनी मुख्य कारण दिले, आणि ‘गुन्हा नाही’ व ‘मतदारांवर सोडा’ हे बचाव एकेक करून खोडले. पद गेले नाही. २०२१ मध्ये ‘दोषी’ म्हणणाऱ्या बर आणि बिल कॅसिडी यांच्याविरुद्ध त्यांच्या राज्यांतल्या पक्षसंघटनांनी निषेधाचे ठराव केले, एवढेच.

१३. भारतात खासदार अशी कारणं देतात का?

भारतात राष्ट्रपतींवरचा महाभियोग (कलम ६१) आजवर झालेला नाही. न्यायाधीशांच्या बाबतीत घटना ‘पदावरून दूर करणे’ म्हणते, महाभियोग हा बोलीतला शब्द. मोठा फरक असा की सिद्ध गैरवर्तनाचा प्रश्न आधी चौकशी समिती पाहते. म्हणजे दुसऱ्या उंबऱ्यावरचे काम (आरोपात म्हटलेले खरेच घडले का, प्रश्न २) खासदारांच्या हाती यायच्या आत झालेले असते.

न्या. व्ही. रामस्वामी यांच्या प्रकरणातली समिती पाहा: सर्वोच्च न्यायालयाचे न्या. पी. बी. सावंत, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि निवृत्त न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी. त्यांनी १४ पैकी ११ आरोप सिद्ध मानले. लोकसभेत सोमनाथ चटर्जी यांनी प्रस्ताव मांडला, कपिल सिब्बल यांनी बचाव केला. ११ मे १९९३ रोजी प्रस्तावाच्या बाजूने १९६ मते पडली. विरोधात? शून्य. काँग्रेस आणि मित्रपक्षांचे २०५ खासदार सभागृहात हजर राहून तटस्थ बसले, आणि प्रस्ताव पडला (का, ते प्रश्न १७ मध्ये).

अमेरिकेतला ‘निर्दोष’ म्हणणारा सिनेटर निदान एक शब्द उच्चारतो, आणि मग त्याला कारण विचारता येते. तटस्थ राहणाऱ्याला तेही नाही. आम्हाला लाज वाटते ती पराभवाची नाही, त्या कोऱ्या रकान्याची. राज्यसभेने १८ ऑगस्ट २०११ रोजी न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्ध प्रस्ताव १८९ मतांनी मंजूर केला, तेव्हा भाषणे खरेच वाचण्यासारखी झाली. स्वतः सेन यांनी सभागृहात बाजू मांडली, अरुण जेटली यांनी ती मुद्देसूद खोडली. लोकसभेत प्रकरण पोहोचण्याआधी सेन यांनी राजीनामा दिला.

१४. सिनेटचा निकाल न्यायालयात फिरवता येतो का?

नाही. न्यायाधीश वॉल्टर निक्सन यांनी तक्रार केली की पुरावा पूर्ण सिनेटने न ऐकता समितीने ऐकला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खटला कसा चालवायचा हे ठरवण्याचा अधिकार घटनेने सिनेटलाच दिला आहे. म्हणूनच सिनेटरांची कारणे हाच या विषयावरचा ‘कायदा’ होऊन बसतो.

१५. खटला न ऐकताच फेटाळता येतो का?

१९९९ मध्ये बर्ड यांचा तसा प्रस्ताव ४४ विरुद्ध ५६ मतांनी पडला होता. २०२४ मध्ये मात्र गृहसुरक्षा मंत्री अलेहांद्रो मायोर्कस यांच्यावरची दोन्ही कलमे सिनेटने १७ एप्रिलला, एकही साक्ष न ऐकता, घटनाबाह्य म्हणून निकालात काढली. डेमोक्रॅटांचे कारण: हा धोरणावरचा मतभेद आहे, गंभीर गुन्हा नाही. मॅडिसन यांचा गैरकारभाराला असलेला आक्षेप (प्रश्न ५) हाच. रिपब्लिकन म्हणाले, पूर्ण सुनावणी हा सिनेटचा धर्म आहे. २०२१ मध्ये ट्रम्प यांचा खटला सुरू होण्याआधीच थांबवण्यासाठी मत देणाऱ्या ४५ जणांतले बरेच जण हे सांगत होते.

प्रतिनिधिगृहात तर प्रस्ताव बाजूला ठेवण्याचे मतदान असते, ज्यात गुणदोषांवर बोलावेच लागत नाही. जून २०२५ मध्ये ॲल ग्रीन यांचा ट्रम्पविरोधी प्रस्ताव ३४४ विरुद्ध ७९ मतांनी असाच बाजूला गेला. मिशिगनचे खासदार, बेळगावचे श्री ठाणेदार यांनी त्याआधी एप्रिलमध्ये सात आरोपकलमे मांडली होती, त्यांचे काय झाले असे अनेक जण विचारतात. मे महिन्यात मतदान मागण्याची त्यांनी तयारी केली, स्वपक्षीयांच्याच विरोधामुळे ऐनवेळी थांबले. त्यामुळे त्यावर कुणाला कारण द्यावेच लागले नाही.

१६. इतर देशांत कारणं कोण लिहितं?

दक्षिण कोरियात खासदार गुप्त मतदान करतात आणि कारणे घटनात्मक न्यायालय लिहिते. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्युन यांनी कायदा मोडला, पण पद जाण्याइतका गंभीर भंग नाही, असे त्या न्यायालयाने सविस्तर नमूद केले. प्रश्न १० मधला तिसरा उंबरा, पण सही-शिक्क्यासकट. दुसरे टोक ब्राझीलचे. १७ एप्रिल २०१६ रोजी खालच्या सभागृहात राष्ट्राध्यक्ष डिल्मा रूसेफ यांच्याविरुद्ध ३६७ विरुद्ध १३७ मते पडली. अर्थसंकल्पी नियमांच्या भंगाचा तो आरोप. पण माइकसमोर येणारे कित्येक खासदार आपले मत देवाला, बायकोला, नातवंडांना अर्पण करत होते.

१७. गैरहजर किंवा तटस्थ राहिलेल्याचं मत कुणाच्या बाजूने जातं?

भाजक कोणता, यावर अवलंबून. अमेरिकी सिनेटमध्ये हजर सदस्यांच्या दोन-तृतीयांश मते लागतात, म्हणून गैरहजेरी दोषी ठरवणाऱ्यांना मदत करते. सर्व शंभर हजर असतील तर ६७; दहा जण घरी राहिले तर ६०. आपल्याला अधिकारच नाही असे मनापासून वाटणाऱ्या सिनेटरला त्यामुळे घरी राहणेही परवडत नाही.

भारतात दोन अटी एकदम लागतात: हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश, आणि सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत. १९९३ मध्ये मत देणाऱ्यांपैकी शंभर टक्के प्रस्तावाच्या बाजूने होते, तरी १९६ म्हणजे एकूण सदस्यांच्या निम्मेही नव्हते.

टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२३ ला महाधिवक्ता केन पॅक्सटन यांचा खटला झाला. तिथल्या राज्य सिनेटचे सदस्य ३१. त्यांतल्या एक, अँजेला पॅक्सटन, आरोपीच्या पत्नी. नियमाने त्यांना मत देण्यास बंदी केली, पण हजर म्हणून मोजले. त्यामुळे दोषी ठरवण्यासाठी ३० चे २० न लागता ३१ चे २१ लागले. त्या रोज येऊन आपल्या जागेवर बसत होत्या.